सुटका झाली, तोवर मुदत संपली

"आधी निर्दोष तर सुटू दे, मग बघतो एकेकाकडे. भरपाईचा दावाच ठोकतो!" कर्जत किंवा खालापूरच्या कोर्टाच्या आवारात हे वाक्य केव्हाही कानावर पडेल. भोवतीचे चार जण माना डोलावतात, एखादा "तीन वर्षं असतात त्याला" अशी माहितीही पुरवतो. यातलं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि ही चूक साधी नाही. खरोखर अन्याय झालेल्या माणसाचा दावा हिने उभा राहण्याआधीच बुडतो.

मुदतीचा कायदा 1963 चा आहे. त्याच्या अनुसूचीतला अनुच्छेद 73 बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईबद्दल आहे. मुदत एक वर्ष, आणि ती मोजायची डांबणं संपलं त्या दिवसापासून. निकालापासून नव्हे. त्याच्या लगेच खाली अनुच्छेद 74 आहे, तो द्वेषबुद्धीने चालवलेल्या खोट्या खटल्याबद्दल. तिथेही मुदत वर्षाचीच, पण ती निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य रीतीने संपल्यापासून धरतात. लोक दुसऱ्या अनुच्छेदाची तारीख पहिल्याला लावतात, तिथेच सगळं फसतं. तीन वर्षांची मुदत अनुच्छेद 113 मध्ये आहे खरी, पण ज्या दाव्यांना वेगळी मुदत नेमून दिलेली नाही त्यांच्यासाठी. इथे ती नेमून दिली आहे.

समजा, नेरळच्या एका माणसाला जमिनीच्या भांडणातून 10 जून 2024 ला अटक झाली आणि 24 जूनला तो जामिनावर घरी आला. त्याचं वर्ष 24 जून 2025 ला भरलं. खटला रखडत 2029 मध्ये संपला आणि तो निर्दोष सुटला, तर चुकीच्या अटकेचा दावा तोवर चार वर्षं शिळा झालेला असेल. हातात उरेल फक्त खोट्या खटल्याचा दावा, आणि तो जास्त अवघड. निर्दोष सुटलो एवढं त्याला पुरत नाही. खटला भरायला सबळ कारण नव्हतं आणि मनात आकस होता, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. पुराव्याअभावी सुटलेल्यांपैकी कितीजण ते करू शकतील?

आणखी एक अडचण. मॅजिस्ट्रेटने रिमांड दिल्यानंतरची कोठडी न्यायालयाच्या आदेशाने असते, त्यामुळे पोलिसांनी डांबणं रिमांडच्या दिवशीच संपलं, असा युक्तिवाद सरकारी बाजू करू शकते. म्हणून आपल्याला सोयीची तारीख धरू नये, सर्वांत आधीची धरावी. त्यासाठी अटकेचा पंचनामा, रिमांडचा आदेश, जामिनाचा आदेश आणि कारागृहातून प्रत्यक्ष बाहेर पडल्याची नोंद हे चारही कागद जपा. अलिबागच्या हिराकोटातून किंवा तळोज्यातून सुटताना मिळालेला कागद खिशातच भिजून जातो आणि मग तारीख आठवणीवर सांगितली जाते. कोर्टाला ती चालत नाही.

"उशीर झाला तर माफीचा अर्ज करू" हे ऐकलं की मात्र डोक्याला हात लावावासा वाटतो. विलंबमाफीचं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू होतं, दाव्यांना नाही. कलम 3 तर सांगतं की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने मुदतबाह्य दावा फेटाळायचाच. न्यायाधीश दयाळू असले तरी इथे त्यांचे हात बांधलेले असतात.

"ठाण्यात तक्रारअर्ज दिलाय, तीच नोटीस." नाही. राज्य सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामाबद्दल दावा लावायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिन्यांची लेखी नोटीस लागते. सरकारसाठीची नोटीस सचिवांकडे किंवा अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, अधिकाऱ्याची त्याला स्वतःला किंवा त्याच्या कार्यालयात. यात एक दिलासा आहे. नोटिशीचे हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात (मुदतीचा कायदा, कलम 15). आपल्या नेरळच्या माणसाने वेळेत नोटीस दिली असती, तर त्याची मुदत 24 ऑगस्ट 2025 पर्यंत गेली असती. त्या दिवशी रविवार होता, म्हणजे कलम 4 मुळे सोमवारही चालला असता.

पण याच्याही आत एक खड्डा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 161 पोलिसांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांना वेगळी मुदत लावतं. 1951 च्या मूळ कायद्यात ती कृत्याच्या तारखेपासून अवघी सहा महिने होती, शिवाय त्या अधिकाऱ्याला महिन्याची स्वतंत्र नोटीस. मारहाण करून कोंडून ठेवणं हे असं कृत्य ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या खटल्यात म्हटलं. तरी आपलं प्रकरण कुठल्या खात्यात पडेल हे वकिलाने आजचं कलम उघडून पहिल्याच महिन्यात ठरवावं.

बाकीचे समज थोडक्यात. "दावा हुकला की सगळं संपलं" हेही खरं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट करता येतं, तिथे ठरलेली मुदत नाही, मात्र उशिराचं कारण पटवावं लागतं. निर्दोष सुटल्यावरही 14 वर्षं तुरुंगात राहिलेल्या बिहारच्या रुदुल साहला 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने एकूण 35 हजार रुपये मिळवून दिले आणि वेगळा दिवाणी दावा लावायची मुभाही ठेवली. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या, फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये निर्दोष ठरवलं आणि राज्याला प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. असे आदेश मोजकेच निघतात, त्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नये.

"मानवाधिकार आयोगाला मुदत नसते." असते, घटनेपासून एक वर्ष.

"कातकरी-ठाकरांना वकील कुठला परवडतो?" अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, कुठल्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कायदा 1987 चा आहे, अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.

"फौजदारी कोर्टच भरपाई देतं की!" देतं. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 399 खाली, जास्तीत जास्त एक हजार रुपये.