सादरीकरणातील व्हिडिओ: क्लिप फाईलमध्ये हवी, स्रोत पडद्यावर हवा

गेल्या काही वर्षांत विहारांमधील प्रबोधनाची पद्धत बदलली आहे. वर्षावासातील रविवारची सभा असो, १४ एप्रिलचे व्याख्यान असो की ६ डिसेंबरची अभिवादन सभा, वक्त्याच्या मागे पडदा आणि पडद्यावर स्लाईड्स हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. त्यात दोन-तीन मिनिटांची व्हिडिओ क्लिप असेल तर सभा लक्ष देऊन ऐकते. ज्यांना वाचता येत नाही त्या आया-आज्यांपर्यंतही विषय पोहोचतो. पण हीच क्लिप नीट लावली नाही तर सभा मोडते, आणि चुकीची लावली तर त्याहून मोठे नुकसान होते. आमच्या हातून दोन्ही चुका झाल्या आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली चूक अशी. एका विहारात ‘बाबासाहेब आणि लोकशाही’ या विषयावर आम्ही सादरीकरण ठेवले. बाबासाहेबांच्या १९५३ च्या बीबीसी मुलाखतीची क्लिप त्यात होती. घरच्या लॅपटॉपवर ती चार वेळा चालवून पाहिली होती. पेन ड्राईव्हवर फाईल घेऊन गेलो, विहारातल्या लॅपटॉपला लावली, आणि त्या स्लाईडवर काळा चौकोन उमटला. वीस मिनिटे खटपट केली. तोवर दिवसभराच्या कामावरून आलेल्या महिला एकेक करून उठून गेल्या.

दुसऱ्या वेळी क्लिप व्यवस्थित चालली. पण ती डॉ. जब्बार पटेल यांच्या २००० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटातील होती आणि आम्ही तसे कुठेही लिहिले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर एका शाळकरी मुलीने विचारले, “दादा, बाबासाहेबांचा खरा आवाज असाच होता का?” तिने मामुट्टींना पाहिले होते आणि बाबासाहेब समजून घरी चालली होती. तिने विचारले म्हणून कळले. न विचारता गेलेल्यांचे काय?

या दोन प्रसंगांतून आम्ही एक नियम घेतला: क्लिप फाईलच्या आत हवी आणि तिचा स्रोत पडद्यावर हवा.

क्लिप आत कशी बसवायची?

पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ तीन प्रकारे येतो. पहिला, क्लिप फाईलमध्येच साठवली जाते. दुसरा, फाईलमध्ये फक्त क्लिपचा पत्ता राहतो, म्हणजे लिंक. तिसरा, यूट्यूबसारख्या ठिकाणचा ऑनलाइन व्हिडिओ. आमची फसगत दुसऱ्या प्रकाराने झाली. पत्ता आमच्या लॅपटॉपचा होता आणि क्लिप तिथेच राहिली होती. तिसरा प्रकार इंटरनेटवर अवलंबून असतो. विहारात नेटवर्क नसेल किंवा मूळ व्हिडिओ कोणी काढून टाकला असेल तर हाती काहीच उरत नाही.

म्हणून पहिलाच प्रकार वापरावा. ‘इन्सर्ट’मध्ये ‘व्हिडिओ’, त्यात ‘धिस डिव्हाइस’ निवडून क्लिप घ्यावी. फाईल निवडताना ‘इन्सर्ट’ बटणाशेजारच्या बाणात ‘लिंक टू फाईल’ हा पर्याय दिसतो. तो घेऊ नये. क्लिप आत बसली की सादरीकरणाच्या फाईलचा आकार तेवढाच वाढतो. वाढला नसेल तर समजावे की क्लिप बाहेरच आहे.

क्लिपचा प्रकारही महत्त्वाचा आहे. एमपी४ फाईल, त्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, हे बहुतेक संगणकांवर चालते. आयफोन आणि काही नवे फोन एचईव्हीसी प्रकारात चित्रीकरण करतात. जुन्या लॅपटॉपवर अशा क्लिपचा नुसता आवाज येतो किंवा काहीच येत नाही. ती आधीच एच.२६४ मध्ये बदलून घ्यावी. फाईल फार जड झाली तर ‘फाईल’मधील ‘इन्फो’त ‘कॉम्प्रेस मीडिया’ आहे. विहाराच्या पडद्यासाठी ७२० पी पुरेसे होते.

गुगल स्लाईड्स वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे व्हिडिओ यूट्यूबवरून किंवा गुगल ड्राइव्हवरून येतो, म्हणजे इंटरनेट लागणारच. ड्राइव्हवरील क्लिप पाहण्याची परवानगी सादर करणाऱ्याच्या खात्याला दिलेली असावी. सादरीकरणाची पीडीएफ केली तर त्यात व्हिडिओ चालत नाही, फक्त स्थिर चित्र उरते.

चालवताना

क्लिप निवडल्यावर ‘प्लेबॅक’ ही पट्टी उघडते. ‘स्टार्ट’मध्ये ‘ऑटोमॅटिकली’ निवडले की स्लाईड येताच क्लिप सुरू होते. ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ निवडले तर क्लिपवर क्लिक करावे लागते. आम्ही ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ ठेवतो, कारण क्लिप दाखवण्याआधी दोन वाक्यांत तिची ओळख करून द्यायची असते. ‘ट्रिम व्हिडिओ’ने सुरुवात आणि शेवट कापता येतो. तासाभराच्या व्हिडिओतील दोन मिनिटे शोधत माऊस सरकवत बसण्यापेक्षा हे घरीच करावे. स्लाईड शो चालू असताना ऑल्ट आणि पी एकत्र दाबल्यास क्लिप थांबते व पुन्हा सुरू होते.

सर्वाधिक फजिती आवाजाची होते. जुन्या प्रोजेक्टरची व्हीजीए केबल फक्त चित्र नेते, आवाज नेत नाही. एचडीएमआय केबल आवाजही नेते, पण मग लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवू लागतो. त्याचा स्पीकर लहान असतो, कधी नसतोच. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून बाहेर पडावा ते बदलावे. विहाराच्या ॲम्प्लिफायरला जोडायची हेडफोनच्या पिनाची वायर आपल्या पिशवीत असू द्यावी. लॅपटॉपसमोर माईक धरला तर शब्द कळत नाहीत. ऑनलाइन सभेत झूमवर स्क्रीन दाखवताना ‘शेअर साउंड’ची चौकट निवडावी लागते, नाहीतर चित्र दिसते आणि समोरच्यांना आवाज जात नाही.

स्रोत कसा लिहायचा?

आता नियमाचा दुसरा भाग. क्लिपच्या स्लाईडवर, क्लिपच्या खाली, एक ओळ लिहावी: हे काय आहे, कोणाचे आहे, कोणत्या वर्षीचे आहे. ‘चित्रपटातील दृश्य, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दिग्दर्शक जब्बार पटेल’ एवढे पुरे. ‘प्ले फुल स्क्रीन’ निवडले तर क्लिप पूर्ण पडदा व्यापते आणि ही ओळ झाकली जाते. म्हणून तो पर्याय बंद ठेवावा आणि ओळ तोंडीही वाचून दाखवावी.

बाबासाहेबांच्या बाबतीत ही काळजी जास्त लागते. १९५५ ची बीबीसी मुलाखत रेडिओसाठी होती, म्हणजे मुळात फक्त आवाज. इंटरनेटवर ती छायाचित्रे जोडून व्हिडिओ म्हणून फिरते. ती दाखवायला हरकत नाही, पण ‘मूळ ध्वनिमुद्रण, चित्रे नंतर जोडलेली’ असे लिहायला हवे. १९५३ ची मुलाखत इंग्रजीत आहे. मराठी उपशीर्षके नसतील तर सभेतील अर्धे लोक बाहेरच राहतात. उपशीर्षके आपण केली असतील तर ‘अनुवाद आमचा’ हेही लिहावे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाचाही आवाज आणि चेहरा तयार करता येतो. बाबासाहेबांच्या तोंडी हवे ते वाक्य घालणारी क्लिप व्हॉट्सॲपवर आली तर ते वाक्य महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत सापडते का, हे आधी पाहावे. सापडत नसेल तर क्लिप लावू नये.

हा प्रश्न तांत्रिक नाही, शीलाचा आहे. पंचशीलातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. आपण दाखवलेली क्लिप पाहून लोक आपल्यावर विश्वास ठेवतात. उद्या कोणी ती खोटी ठरवली, तर आपण मांडलेली खरी गोष्टही खोटी ठरवली जाते.

पीडितांच्या क्लिप

अत्याचाराच्या घटनांवर बोलताना कार्यकर्ते अनेकदा मारहाणीच्या किंवा रडणाऱ्या कुटुंबाच्या क्लिप लावतात. सभेत लहान मुले असतात, आणि कधी त्या कुटुंबाचे नातेवाईकही असतात. क्लिप लावण्याआधी कुटुंबाची संमती घ्यावी. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदाही लागू होतो. इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘ट्रिम’ केलेला भाग पडद्यावर दिसत नाही, पण तो पुन्हा वाढवता येतो, म्हणजे तो फाईलमध्ये असतोच. ती फाईल तुम्ही ग्रुपवर टाकली तर चेहराही सोबत जातो. असा भाग फोनवर किंवा व्हिडिओ संपादनाच्या ॲपमध्ये आधी कापून, नवी फाईल तयार करून मगच स्लाईडमध्ये घ्यावा.

निघण्यापूर्वी

आता आम्ही कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचतो. तिथल्याच लॅपटॉपवर, तिथल्याच स्पीकरवर क्लिप शेवटपर्यंत चालवतो आणि एकजण सर्वात मागच्या रांगेत बसून ऐकतो. सादरीकरणाच्या फाईलसोबत क्लिपची वेगळी प्रतही पेन ड्राईव्हवर असते. आणि क्लिप चाललीच नाही तर ती गोष्ट तोंडी सांगायची तयारी असते. बाबासाहेबांचा विचार वीज आणि प्रोजेक्टर नसलेल्या वस्त्यांपर्यंत भाषणांतून, जलशांतून आणि शाहिरांच्या आवाजातून पोहोचला आहे. क्लिप त्या कामाला मदत करते, ती त्या कामाची जागा घेऊ शकत नाही.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी १९५३ ची क्लिप दाखवली. या वेळी खाली वर्ष आणि स्रोत लिहिलेला होता. तिने तो मोठ्याने वाचला आणि मग क्लिप सुरू केली.

जय भीम! नमो बुद्धाय!