‘एटी’ म्हणजे लक्ष दे!

संगणकाला दूरध्वनी लावायला सांगायचे कसे? १९८१ मध्ये हेज या अमेरिकन कंपनीने आपल्या मोडेमसाठी आज्ञांची छोटी भाषा घडविली. पुढे आयएसडीएन अडॅप्टरांनीही तीच उचलली. ‘एटी’ म्हणजे ‘लक्ष दे’. त्यापुढे ‘डी’ आणि क्रमांक दिला की कॉल लागतो. नाशिकहून मुंबईसाठी आधी ०२२. ‘एटीए’ने आलेला कॉल घ्यायचा. ‘एटीएस०=१’ सांगून ठेवले, तर पहिल्याच घंटेला यंत्र स्वतः उत्तर देते.

जोडणी झाली की मात्र आपली अक्षरे थेट पलीकडे जातात. यंत्र त्यांना आज्ञा मानीत नाही. म्हणून क्षणभर थांबून तीन अधिकचिन्हे द्यायची, पुन्हा थांबायचे, मग ‘एटीएच’ने फोन ठेवायचा. हे विसरणाऱ्याचे एस.टी.डी.चे मीटर, काम संपले तरी, धावतच राही.