‘रायगडाला जेव्हा जाग येते’ : नाटकाच्या नावामागचा इतिहास

वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आलं. नाव ऐकलं की वाटतं, यात मुघलांशी लढाई असणार. आपली मुलंही मग विचारतात, ‘यात आपण कुठल्या बाजूला?’ म्हणून आम्ही थोडी माहिती देत आहोत.

हे नाटक लढाईचं नाहीच, बाप-लेकाचं आहे. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे मुघल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. इकडे गादीच्या वारसावरून घरातच तेढ होती. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचं रायगडावर निधन झालं, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. या सगळ्याचा साक्षीदार रायगड, म्हणून नावात तो आला.

गडाचं मूळ नाव रायरी. १६५६ मध्ये तो जावळीच्या मोऱ्यांकडून महाराजांकडे आला. पुढे इथेच राजधानी झाली आणि ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये मुघलांनी गड घेतला, येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले. गडाला ‘इस्लामगड’ नाव मिळालं, ताबा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. १७३३ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. इस्लामगड हे नाव मागे पडलं, रायगड टिकलं.

आता मुलांच्या प्रश्नाचं. १६७९ मध्ये महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. तेव्हा मराठी आरमाराच्या सरदारांत मायनाक भंडारींबरोबर दौलतखान होते. समोर सिद्दी मुसलमान, इकडे दौलतखानही मुसलमान! भांडण दर्याचं आणि सत्तेचं होतं, दीनचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. आपल्या जिल्ह्याचं नाव पूर्वी कुलाबा होतं. १९८१ मध्ये ते बदलून ‘रायगड’ झालं, तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्याच आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले. आज आपल्या रेशनकार्डावर, मुलांच्या दाखल्यावर रायगड लिहिलेलं असतं. हे नाटक कुठे लागलं तर मुलांना घेऊन बघा. तेही आपल्याच जिल्ह्याचं आहे.