आधी दालन, मग स्पीकर

चांगला स्पीकर कोणता, असे कुणी विचारले की उलट विचारावे, "तो ठेवणार कुठे?" विचारणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते, पण उत्तराची सुरुवात तिथेच होते. दहा बाय बाराच्या खोलीत जो स्पीकर गायकाला समोर आणून बसवतो, तोच मोठ्या दालनात नेला की केविलवाणा होतो, आणि त्यात त्याचा दोष काडीइतकाही नसतो.

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घ्या. बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारीत, तंत्रज्ञाच्या अगदी जवळ ठेवण्यासाठी तो तयार झाला. मानवी आवाजाच्या खरेपणाबद्दल तो आजही वाखाणला जातो. आता तो दहा मीटर लांब, सात रुंद आणि चार उंच अशा दालनात ठेवा.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो; म्हणजे एक मीटरच्या मानाने चार मीटरवर बारा डेसिबलची घट. बंद दालनात भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भरपाई करतो खरा, पण त्याने शब्दांची स्पष्टता वाढत नाही. आता स्पीकरची संवेदनक्षमता पाहू. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. एलएस३/५ए च्या बाबतीत तो ८३ च्या आसपास आहे. चार मीटरवरच्या श्रोत्यापर्यंत तबल्याची जोरकस थाप थेट ९८ डेसिबलने पोहोचवायची, तर जोडीतल्या प्रत्येक स्पीकरला सुमारे अडीचशे वॅट द्यावे लागतील. तो बिचारा त्याआधीच मान टाकील. ९३ डेसिबलच्या स्पीकरला हेच काम पंचवीस वॅटमध्ये जमते! हे गणित एकदा मनात ठसले की जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्यांचा दबदबा ओसरतो. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली आपली कंपनी काढली. त्यांचा क्लिप्शहॉर्न तर दालनाच्या कोपऱ्यातल्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग बनवतो, आणि कंपनीच्या दाव्यानुसार १०५ डेसिबलपर्यंत जातो. अर्थात त्यासाठी दालनाला दोन मोकळे कोपरे हवेत. दार नेमके कोपऱ्यात असेल तर क्लिप्शसाहेबांचाही इलाज चालत नाही.

खर्जाचा हिशेब याहून कडक. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा तर चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून मोठ्या दालनासाठी मोठा पडदा. पंधरा इंची पडद्याचे क्षेत्रफळ पाच इंचीच्या नऊपट असते. मात्र इथे आपण काय ऐकणार, हेही पाहावे. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यातली खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते. ख्याल ऐकणाऱ्याने '२० हर्ट्झपर्यंत' या बिरुदासाठी दामदुप्पट मोजणे मला तरी पटत नाही. पाश्चात्त्य चर्चमधला ऑर्गन ऐकायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हे सारे जमूनही दालनच घुमत असेल तर? १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात प्राध्यापकांचे बोलणे कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाला कामाला लावण्यात आले. त्याने दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, ऑर्गनच्या नळीचा सूर किती वेळ रेंगाळतो ते मोजले आणि नियम शोधून काढला. दालनाच्या घनमीटरना ०.१६१ ने गुणायचे आणि आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाने भागायचे. उत्तर सेकंदांत येते. आपले दालन २८० घनमीटरचे. भिंती, जमीन, छत मिळून २७६ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी तीन टक्के आवाज शोषतात असे धरले, तर सूर पाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळेल. तेवढ्यात द्रुत तानेतले सगळे स्वर एकमेकांच्या अंगावर पडतात. माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो. पन्नास श्रोते आले की तोच काळ दीड सेकंदाच्या आत येतो. श्रोते रोज कुठून आणणार? म्हणून जाजम, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे यांचा खर्च स्पीकरच्याच खर्चात धरावा.

निवड करताना स्वतःची, पाठ झालेली ध्वनिमुद्रिका न्यावी. दोन स्पीकर पडताळताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर कानाला उगाचच 'अधिक चांगला' वाटतो, आणि विक्रेत्याला हे आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते. शक्य असेल तर स्पीकर आपल्या दालनात दोन दिवस मागून घ्यावा. तिथे श्रोत्याची खुर्ची दालनाच्या बरोबर मध्यावर ठेवू नये, कारण तिथे काही खर्जाचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात. खुर्ची हातभर मागेपुढे सरकवून पाहावी. याला पैसे पडत नाहीत.