पूरग्रस्तांच्या मदतीला धावताना

पूर आला, तुम्ही होडी काढलीत, दार फोडून म्हातारीला बाहेर आणलंत. उद्या दाराचा धनी दावा लावील काय? तर ऐका, मंडळी. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 73 सांगते, की सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या वतीने त्या कायद्याखाली सद्भावाने केलेल्या कामाबद्दल दावा किंवा खटला चालत नाही. तेव्हा तहसीलदारांना कळवून, त्यांच्या सांगण्यावरून कामाला लागलेले बरे.

आपणहून धावलात तर? आग पसरू नये म्हणून सद्भावाने मधले घर पाडणारा गुन्हेगार नव्हे, हे उदाहरण 1860 च्या दंडसंहितेत होते. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 मध्ये आहे. मात्र सद्भाव म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, त्यात योग्य ती काळजीही आली. दहांच्या होडीत वीस माणसं कोंबलीत, तर हे कलम पाठीशी राहीलच असे नाही.