थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाताना

थायलंड कधीही युरोपीय सत्तेची वसाहत नव्हता. त्यामुळे इंग्रजी तेथे ना न्यायालयाची भाषा झाली, ना प्रशासनाची. मात्र २००८ साली अमलात आलेल्या सनदेने ‘आसियान’ची कामकाजाची भाषा म्हणून इंग्रजीवर शिक्कामोर्तब केले, शिवाय पर्यटन हा या देशाचा मोठा व्यवसाय. इंग्रजी शिक्षकांना तेथे मागणी असते ती यामुळे, आणि त्यांत भारतीयही आहेत. तेथे जम बसणे न बसणे हे इंग्रजीवरील प्रभुत्वाइतकेच कागदपत्रांच्या क्रमावर अवलंबून असते, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

पहिला अडसर वर्गवारीचा. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांचे नागरिक तेथे इंग्रजीचे ‘मूळ भाषक’ गणले जातात. भारतीय गणले जात नाहीत, मग त्यांचे सारे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले का असेना. त्यांना ‘टोइक’ परीक्षेत किमान ६०० गुण किंवा तत्सम प्रमाणपत्र दाखवावे लागते. वेतनातील तफावत तर नोकरीच्या जाहिरातींतच उघडपणे दिसते. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकात इंग्रजीची तीन वर्तुळे कल्पिली आणि भारतातील इंग्रजी ही स्वतःचे नियम असलेली इंग्रजी आहे, असा आग्रह धरला. विद्यापीठांनी तो मान्य केला. नोकरी देणाऱ्यांच्या गळी तो अद्याप पुरता उतरलेला नाही.

भारतीय उमेदवाराची जमेची बाजू म्हणजे बी.एड. थायलंडमध्ये शिक्षक परिषदेचा परवाना लागतो. शिक्षणशास्त्राची पदवी नसल्यास शाळेला तात्पुरती परवानगी मिळवावी लागते आणि ती एका वेळी दोन वर्षांपुरतीच असते. बी.एड. झालेल्याची ही टांगती तलवार बरीचशी दूर होते. पदवीचे साक्षांकन, गुणपत्रिका आणि पारपत्र कार्यालयाकडून मिळणारे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र ही तयारी मायदेशीच करावी. परदेशातून विद्यापीठाशी पत्रव्यवहार करताना महिने कसे जातात, ते वेगळे सांगायला नको. शाळेचे नियुक्तीपत्र हाती आल्यावर ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा घ्यायचा, तेथे पोहोचल्यावर कामाचा परवाना काढायचा आणि मग मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायची, असा हा क्रम आहे.

तो उलटा करण्याचा मोह मोठा असतो. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश खुला केला. ‘आधी या, शिकवायला लागा, कागद मागाहून पाहू’ असे सांगणारा मध्यस्थ याच सवलतीचा फायदा घेतो. परवान्याविना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि हकालपट्टी, असा तेथील कायदा आहे. धोका तेवढ्यावरच थांबत नाही. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना म्यानमारमधील म्यावाडी भागातील सायबर फसवणूक केंद्रांत डांबल्याची प्रकरणे उघडकीस आली. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना मे सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. थायलंड भारताच्या ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ देशांच्या यादीत आहे, पण दहावी उत्तीर्णांना ही तपासणी लागू होत नाही. म्हणजे पदवीधर शिक्षकाच्या नियुक्तीपत्राची शहानिशा सरकारी पातळीवर आपोआप होत नाही. शाळेशी थेट संपर्क साधून ती त्याने स्वतःच करायची असते.

शाळेत पाऊल टाकल्यावर मात्र परकेपणा अनपेक्षितपणे ओसरतो. शिक्षकाला तेथे ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’च, प्राध्यापकाला म्हणतात ‘अचान’, म्हणजे आचार्य. नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, बहुधा जूनमधील एखाद्या गुरुवारी, ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा सोहळा होतो. त्यात विद्यार्थी दुर्वा, वांग्याची फुले आणि साळीच्या लाह्या अर्पण करतात. दुर्वा चिवट वाढीचे प्रतीक, तर खाली झुकलेले वांग्याचे फूल नम्रतेचे. थाई लिपीची वर्णमालाही ‘क’, ‘ख’ अशीच सुरू होते आणि ‘प’ व ‘फ’ यांतील भेद मराठी कानाला शिकवावा लागत नाही. खरी कसोटी पाच स्वरांच्या चढउतारांची. शाकाहारी व्यक्तीने ‘मांगसाविरात’ हा शब्द आधी पाठ करावा. ‘मांस’ आणि ‘विरती’ त्यात स्पष्ट ऐकू येतात. तरीही भाजीत माशांचा सॉस, म्हणजे ‘नाम प्ला’, नाही ना, हे वेगळे विचारावेच लागते.

वर्गातील शांतता नव्या शिक्षकाला कोड्यात टाकते. ‘करेंग चाय’ या थाई शब्दाला मराठीत ‘भीड’ हाच जवळचा प्रतिशब्द. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मुले शंका विचारत नाहीत आणि सहकारी शिक्षकही नकार तोंडावर देत नाहीत. मुलांना जोडीजोडीने बोलते केले, तर ही भीड लवकर मोडते.

शाळा मेच्या मध्यावर उघडतात आणि मार्चमध्ये बंद होतात. अनेक करार १० किंवा ११ महिन्यांचेच असल्याने उन्हाळ्यात पगार मिळणार का, हे सही करण्यापूर्वी विचारावे. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. नोकरी सुटली की मुक्कामाची परवानगीही संपते. ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी येण्याचा बेत असेल, तर विमानतळ सोडण्यापूर्वी पुनःप्रवेश परवाना घ्यावा. तो नसल्यास वर्षभराची मुदतवाढ देशाबाहेर पडताक्षणी रद्द होते आणि सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.