आयोनाची वाट : विमान, आगगाडी आणि दोन फेरीबोटी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत पसरलेल्या हेब्रिडीज द्वीपसमूहातील आयोना हे बेट जेमतेम साडेपाच किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद आहे. तेथील कायमची वस्ती दोनशेच्या आत असून तेथे विमानतळ नाही, रेल्वे नाही आणि मुख्य भूमीवरून बारमाही थेट येणारी बोटही नाही. मुंबईहून निघालेल्या प्रवाशाला तेथे पोचण्यासाठी विमान, आगगाडी, मोठी फेरीबोट, बस आणि शेवटी एक छोटी फेरीबोट अशी वाहने ओळीने धरावी लागतात. बेट जसजसे जवळ येते तसतसे वाहन लहान होत जाते, वेग मंदावतो आणि एक जोड चुकली तर पुढचे सगळेच गणित कोलमडते.

या साखळीतील सर्वांत लांबचा आणि सांगण्याजोगा सर्वांत कमी असलेला टप्पा विमानाचा आहे. मुंबईहून ग्लासगोला थेट विमान नसल्याने लंडन किंवा दुबईसारख्या ठिकाणी ते बदलावे लागते. ब्रिटनचा व्हिसा स्कॉटलंडलाही चालतो, त्यासाठी निराळा परवाना लागत नाही. ग्लासगो विमानतळाला रेल्वे जोडलेली नाही, त्यामुळे शहरात बसने यावे लागते. आणि लंडनहून रेल्वेने येणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की तिकडच्या गाड्या सेंट्रल स्थानकात येतात, तर आयोनाच्या दिशेची गाडी क्वीन स्ट्रीट या वेगळ्या स्थानकातून सुटते. दोन्हींतील अंतर पायी दहाएक मिनिटांचे असले, तरी हातात सामान असताना ते हिशेबात धरलेले बरे.

क्वीन स्ट्रीटहून ओबन या बंदरापर्यंतचा सुमारे १६० किलोमीटरचा लोहमार्ग कापायला गाडीला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. मार्ग एकेरी आणि वळणावळणाचा असून क्रिअनलॅरिक या डोंगराळ स्थानकात अनेक गाड्या दोन भागांत तोडल्या जातात, त्यांतील एक भाग ओबनकडे आणि दुसरा उत्तरेकडील फोर्ट विल्यमकडे जातो. चढतानाच आपला डबा कोणता हे विचारून घेतले नाही, तर प्रवासी भलत्याच गावी उतरतो. ओबनला रेल्वे पोचली ती १८८० मध्ये, आणि मूळचा मार्ग पूर्वेकडून कॅलंडर गावावरून येत होता. १९६५ मध्ये ग्लेन ओगल येथे दरड कोसळून तो बंद पडला आणि तेव्हापासून गाड्या आजच्या मार्गाने धावू लागल्या.

दरडींशी या मार्गाचे नाते जुने आहे. लॉख ऑ या सरोवराच्या काठाने जाताना गाडी ब्रँडरच्या खिंडीत शिरते, जेथे एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला क्रुआखन पर्वताचा तीव्र उतार आहे. १८८१ मध्ये उतारावरून आलेल्या दगडावर गाडी आदळल्यानंतर रेल्वे कंपनीने डोंगराच्या कुशीत खांब रोवून त्यांवर तारा ताणल्या आणि त्या रुळांलगतच्या सिग्नलांना जोडल्या. घरंगळणाऱ्या दगडाने एखादी तार तोडली की सिग्नलचा हात आपोआप धोक्याच्या स्थितीला येतो आणि चालक गाडी आवरतो. वीज, यंत्र वा पहारेकरी यांपैकी कशाचीही गरज नसलेली ही योजना इतकी साधी आहे की तिच्या दीर्घायुष्याचे नवल वाटू नये. वाऱ्याने या तारा गुणगुणतात म्हणून कंपनीच्या तत्कालीन सचिवाच्या नावावरून लोक तिला ‘अँडरसनचा पियानो’ म्हणू लागले. तिची मर्यादा मात्र २०१० मध्ये दिसली : तारांच्या खालच्या बाजूने निखळलेला एक धोंडा रुळांवर आला, तारांना त्याचा स्पर्शही झाला नाही आणि प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

ओबनला रेल्वे स्थानक आणि फेरीचा धक्का अगदी लागून आहेत. येथून मल् या मोठ्या बेटावरील क्रेग्नूर गावी जाणारी बोट वाहनांसह प्रवासी वाहून नेणारी, म्हणजे मुंबई–मांडवा मार्गामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची झालेली रो-रो जातीची असून प्रवासाला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. ती चालवणारी कॅलिडोनियन मॅकब्रेन ही कंपनी स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे. तिचे भाडे ठरवताना तेवढेच अंतर रस्त्याने कापायला येणारा खर्च आधाराला घेतला जातो. २००८ मध्ये काही मार्गांवर प्रयोग म्हणून आणलेली ही पद्धत २०१५ मध्ये कंपनीच्या जाळ्यातील उरलेल्या मार्गांनाही लागू झाली. पाण्यापलीकडे राहतो म्हणून कोणा नागरिकाला जास्त भुर्दंड पडू नये हा तिच्यामागचा विचार न्याय्य आहे, पण भाडे उतरले की गर्दी वाढते आणि गर्दी वाढली की जुन्या बोटी अपुऱ्या पडतात, हेही अनुभवाला आले. नव्या बोटीही लवकर येत नाहीत : याच जाळ्यातील ॲरन बेटाच्या मार्गासाठी बांधलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही बोट २०१७ मध्ये पाण्यात उतरवली गेली, परंतु ती प्रत्यक्ष सेवेत यायला २०२५ साल उजाडले.

क्रेग्नूरहून मल् बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फिनाफोर्टपर्यंतचे सुमारे साठ किलोमीटर बसने जावे लागते आणि रस्त्याचा बराच भाग एकाच वाहनाच्या रुंदीचा आहे. समोरून गाडी आली की ठरावीक अंतरावर ठेवलेल्या फुगवट्याशी कोणी तरी एकाने थांबायचे, असा रिवाज आहे. वाटेत दिसणारे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओळखीचे वाटतील आणि ते योग्यच आहे, कारण मल् बेटाचा मोठा भाग सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे दख्खनच्या पठाराप्रमाणेच बेसॉल्ट या काळ्या खडकाचा बनलेला आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसणारे बेसॉल्टचे उभे बहुकोनी स्तंभ जवळच्या स्टॅफा बेटावर समुद्रातच उभे आहेत. आयोनाचा खडक मात्र या कुळातला नाही. त्याच्या पश्चिम भागातील नाइस हा रूपांतरित खडक कोट्यवधी नव्हे, तर अब्जावधी वर्षांचा आहे.

फिनाफोर्टला धक्का म्हणावा असे फारसे काही नाही. काँक्रीटचा एक उतार थेट पाण्यात शिरतो, छोटी बोट त्याला तोंड लावून आपली फळी खाली टाकते आणि प्रवासी त्या फळीवरून चालत वर जातात. दहा मिनिटांत पलीकडचा तसाच उतार येतो. बोट बांधून ठेवण्याऐवजी इंजिनाच्या जोरावर उताराशी टेकवून धरायची असल्याने लाट उसळली की फळी स्थिर राहत नाही आणि फेरी रद्द होते. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला माणूस अशा वेळी समोर दिसणाऱ्या बेटाकडे पाहत ताटकळतो.

आयोना आज आडवळणाला आहे याचा दोष खरे तर समुद्राला देता येत नाही. ५६३ मध्ये कोलंबा हा आयरिश धर्मगुरू येथे आला आणि त्याने मठ स्थापला, तेव्हा आयर्लंडचा ईशान्य कोपरा आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा एकाच राज्याच्या दोन बाजू होत्या, आणि त्यांना जोडणारा राजरस्ता म्हणजे समुद्रच होता. त्यामुळे हे बेट जगाच्या टोकाला नव्हे, तर वर्दळीच्या वाटेवर होते. येथून ६३५ मध्ये एडन हा साधू इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंडिसफार्न येथे गेला. आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेली ‘बुक ऑफ केल्स’ ही सचित्र हस्तलिखित पोथी निदान अंशतः आयोनालाच तयार झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच जलमार्गाने व्हायकिंग लुटारूही आले, आणि ८०६ च्या हल्ल्यात ६८ जण मारले गेले. पुढे रस्ते आणि रेल्वे हाच दळणवळणाचा आधार झाल्यावर बेट एकाकी पडले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर ओसाड पडलेल्या मठाच्या इमारतींचा जीर्णोद्धार १९३८ पासून जॉर्ज मॅकलाउड या धर्मोपदेशकाने बेकार कारागिरांना हाताशी धरून हाती घेतला, आणि आज बहुतेक प्रवासी तो मठ पाहण्यासाठीच येतात.

पाहुण्यांना येथे मोटार आणण्याची सर्वसाधारण मुभा नाही, आणि अंतरे पाहता तिची गरजही नाही. ओबनहून एका दिवसात जाऊन येणाऱ्याला बेटावर जेमतेम दोन-तीन तास मिळतात व तेवढ्यात मठ पाहून होतो, बेट नव्हे. म्हणून मुक्काम करावा आणि बेटावरील खोल्या थोड्या असल्याने तो आधी ठरवावा. हिवाळ्यात बस आणि फेऱ्या कमी होतात, त्यामुळे जायचे तर मे ते सप्टेंबर या काळात जावे, दोन्ही फेऱ्या आणि बस यांची वेळापत्रके शेजारी-शेजारी ठेवून मगच रेल्वेचे तिकीट काढावे, आणि परतीच्या विमानाआधी एक संपूर्ण दिवस मोकळा राखावा.